आर्लिंग्टनमधला तो दगड आणि 'अमेरिका मित्रांना विसरत नाही' हे वाक्य

उत्तरवाट:

परवा इथल्याच एका सभासदाने वॉशिंग्टनच्या सहलीचं वर्णन लिहिलं. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत, व्हिएतनाम युद्धाच्या काळात लाओसमध्ये अमेरिकेसाठी लढलेल्या गुप्त सैन्याची स्मृतिशिळा आहे, तिच्यापुढे ते दोन मिनिटं उभे राहिले. शेवटी लिहिलं, 'अमेरिका आपल्या मित्रांना कधी विसरत नाही, हे आपण तिच्याकडून शिकावं.' खाली वाहवाची रांग लागली. तिथेच चार ओळी लिहायला बसलो, पण ते चार ओळींत मावेना. म्हणून हा वेगळा धागा.

मी एकोणीस वर्षं अमेरिकेत सेंट पॉलला राहतोय. इथे शनिवारी भाजी आणायला गेलं तर कोथिंबीर, मिरची, गवती चहा विकणाऱ्या निम्म्या बायका ह्मोंग असतात (लाओसच्या डोंगरांतून आलेली जमात; ते स्वतः 'मोंग' म्हणतात). कारखान्यात माझ्या पाळीचा जोडीदार ह्मोंग आहे. त्याच्या वडिलांनी चौदाव्या वर्षी बंदूक उचलली, कारण थोरला भाऊ मारला गेला आणि घरटी एक माणूस द्यायचा होता. १९६२ च्या जिनिव्हा करारात लाओस तटस्थ ठरला. अमेरिकेला उघडपणे फौज ठेवता येईना, म्हणून सीआयएने १९६१ पासून उभी केलेली डोंगरातली माणसंच पुढे लढवली. खाली पडलेले वैमानिक शोधून आणायचे ते यांनी, फू फा थीच्या कड्यावरच्या अमेरिकन रडारभोवती पहारा द्यायचा तो यांनी.

१४ मे १९७५ पर्यंत लाँग चेंग या त्यांच्या तळाच्या धावपट्टीवरून त्यांचे सेनापती वांग पाओ आणि दोन-तीन हजार माणसं विमानाने काढली. बाकीचे हजारो तिथेच. जोडीदाराचे वडील त्या बाकीच्यांत होते. जंगलातून चालत मेकाँगपर्यंत गेले, बांबूचा भारा छातीशी बांधून रात्री नदी ओलांडली. एक मुलगी नदीत गेली.

शिळा बसली १५ मे १९९७ ला. म्हणजे २२ वर्षांनी. नागरिकत्वाच्या परीक्षेतली इंग्रजीची अट या लोकांपुरती सैल झाली २००० मध्ये. वांग पाओ २०११ च्या जानेवारीत वारले, तेव्हा त्यांना याच आर्लिंग्टनमध्ये जागा नाकारली. राष्ट्रीय दफनभूमींत जागा देणारा कायदा आला मार्च २०१८ मध्ये, आणि तोही त्या तारखेनंतर मरणाऱ्यांसाठी. त्यातही आर्लिंग्टन नाहीच. जोडीदाराचे वडील २०१४ ला गेले. चार वर्षं आधी मेले म्हणून नियमात बसले नाहीत.

आता सांगा, कोण विसरत नाही?

सुभेदार_वाई:

उत्तरवाट, तुमचा संताप समजतो, पण दगडाला इतकं हलकं लेखू नका. मी मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली. आमच्या पलटणींत इटलीतल्या लढाया आजही शिकवल्या जातात. नाईक यशवंत घाडगे, माणगावचे, १० जुलै १९४४ ला एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर कुठेही नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे, एवढंच. पण ते नाव आहे म्हणून आमचा कोणी पोरगा इटलीला गेला की तिथे जाऊन बोट लावून येतो.

साताऱ्याकडच्या अपशिंग्याला जाऊन बघा. पहिल्या महायुद्धात एका गावचे ४६ जण गेले. इंग्रजांनी स्तंभ उभारला. इंग्रज गेले, पण गाव अजून त्या स्तंभापुढे नारळ फोडतं आणि पोरं भरतीला जातात. ज्याने उभारला त्याची नियत काय होती हे दगडाला विचारायचं नसतं.

निळावंती:

सुभेदारसाहेब, नियत विचारायची नाही कशी? मी लाओसमधल्या फोनसावनला दोन रात्री राहून आले आहे. तिथे घरांचे खांब बाँबच्या रिकाम्या टरफलांचे आहेत. त्यातच कांद्याची पात लावतात. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर २० लाख टनांहून जास्त बाँब टाकले. सुमारे ५ लाख ८० हजार फेऱ्या. चेंडूएवढे छोटे बाँब, तिथले लोक 'बाँबी' म्हणतात, कोट्यांनी न फुटता शेतांत पडून राहिले. युद्ध संपल्यावर त्यांनी २०,००० हून जास्त माणसं मारली किंवा पांगळी केली. मी ज्या घरी जेवले तिथल्या मुलाला उजवा हात नव्हता. वय नऊ. भाताच्या खाचरात चेंडू सापडला म्हणून उचलला.

या मुलासाठी आर्लिंग्टनमध्ये काय आहे? शिळेवर स्वातंत्र्य आणि लोकशाहीच्या रक्षणाची भाषा आहे. उत्तरवाट स्वतःच सांगतात की चौदा वर्षांच्या पोराच्या हाती बंदूक दिली. त्यावर तुमचा राग एवढाच की दफनाला जागा का नाही दिली! मुळात त्या पोराला लढायला कोणी लावलं, हा प्रश्न कोण विचारणार?

कोरा_कागद:

निळावंतीताई, बाँबबद्दल वाद नाही. पण 'लढायला लावलं' हे मला पटत नाही. त्या डोंगरांत उत्तर व्हिएतनामच्या पलटणी आल्या, तांदूळ मागू लागल्या, तरुण पोरं हमाल म्हणून नेऊ लागल्या. वांग पाओ अमेरिकनांच्या आधी फ्रेंचांबरोबर लढले होते. ह्मोंगांमध्येही दोन तट होते, फायडांग या पुढाऱ्याचा गट पॅथेट लाओकडे, म्हणजे तिथल्या कम्युनिस्टांकडे होता. या लोकांना स्वतःची अक्कल होती, स्वतःची भांडणं होती. त्यांना नुसती प्यादी ठरवू नका, तो त्यांचा अपमान आहे.

आणि तटस्थतेचं म्हणाल तर ऐका. तो जिनिव्हा करार पाळला जातो का हे बघणाऱ्या देखरेख आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं. कॅनडा आणि पोलंड बाजूला, मधे आपण. माझे मामा तिथे टंकलेखक होते. १९६२ च्या ऑक्टोबरपर्यंत सगळ्या परक्या फौजांनी मोजणी देऊन बाहेर पडायचं होतं. ६६६ अमेरिकन मोजून गेले. उत्तर व्हिएतनामचे मोजून गेले ४०. हजारो आत राहिले. मामा सांगायचे, ४० हा आकडा मी माझ्या हाताने टाइप केला आणि त्या रात्री जेवलो नाही.

उत्तरवाट, वांग पाओंबद्दल एक. आर्लिंग्टनमध्ये जागा मिळायला अमेरिकन सैन्यातली सेवा लागते. ते लाओसच्या शाही सैन्यातले मेजर जनरल. अपवाद मागितला, मिळाला नाही. शिवाय अफूच्या व्यापाराचे आरोप होतेच. २००७ मध्ये मॅडिसनला शाळेला त्यांचं नाव द्यायचं ठरलं, आणि लाओसचं सरकार उलथवण्याच्या कटाच्या आरोपावरून त्यांना अटक झाल्यावर मागे घेतलं. नियम सगळ्यांना सारखा.

उत्तरवाट:

नियम सारखा? ज्या सैन्याचं अस्तित्वच अमेरिकेने नाकारलं त्या सैन्याच्या सेवेचा कागद आणायचा कुठून? पगार सीआयएचा, बंदूक अमेरिकेची, हुकूम अमेरिकन सल्लागाराचा, आणि मेल्यावर म्हणायचं, तुम्ही आमचे नव्हताच.

मॅडिसनचं खरं आहे. पण फ्रेस्नोमध्ये २०१२ ला त्यांच्याच नावाची शाळा उघडली, हेही लिहायचं होतं. एकाच माणसाचं नाव एका गावाला चाललं नाही आणि दुसऱ्याला चाललं.

सुभेदारसाहेब, तुम्ही कॅसिनोचं उदाहरण दिलंत, तेच माझ्या कामाचं आहे. कॅसिनोला नावं आहेत. आर्लिंग्टनच्या त्या शिळेवर एकही नाव नाही. 'ह्मोंग आणि लाओ सैनिक व त्यांचे अमेरिकन सल्लागार' असा एकत्र उल्लेख, संपलं. बोट कशावर लावायचं?

सुभेदार_वाई:

नाव नाही हे मला ठाऊक नव्हतं. मग तुमचं तेवढं म्हणणं धरतो. बिननावाचा दगड म्हणजे अर्धं काम.

जाईजुई:

मी फ्रेस्नोकडची. सात-आठ वर्षं ह्मोंग आजोबा-आजींना नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी शिकवायला जात होते. स्वयंसेवक म्हणून, आठवड्यातून दोन संध्याकाळी. त्यांची लिपीच रोमन अक्षरांत १९५० च्या सुमारास मिशनऱ्यांनी बसवलेली, आणि ह्यांपैकी बहुतेकांनी तीही शिकलेली नव्हती. एका आजोबांना सही करायला तीन महिने लागले. पहिल्यांदा जमली तेव्हा तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि घरी नेला.

निळावंती, त्या आजोबांच्या तोंडावर जाऊन सांगा, तुमचा दगड खोटा आहे म्हणून. दरवर्षी मे महिन्यात तिथे कार्यक्रम असतो. ही माणसं विमानाचं तिकीट काढायला वर्षभर पैसे साठवतात. तुम्ही दोन रात्री राहिलात. ती माणसं तिथे जन्मली होती, आणि ते बाँब ज्या डोंगरांवर पडले त्यात त्यांचीही गावं होती.

निळावंती:

मी दोन रात्री राहिले म्हणून माझं तोंड बंद? तो मुलगा तर इथे लिहायला येऊ शकत नाही. आजोबांबद्दल मी एक शब्द वाकडा बोललेले नाही. दगड उभारणाऱ्यांबद्दल बोलले. यात फरक करता येत नसेल तर मी पुढे लिहीत नाही.

चिंचेचा_पार:

थोडं अवांतर होतंय, पण सगळे अमेरिकेच्या नावाने बोलताहेत म्हणून राहवत नाही. कोलोरॅडोत कॅम्प हेल नावाची जागा आहे. तिथे १९५८ ते १९६४ सीआयएने तिबेटी तरुणांना छत्रीने उडी मारायला, वायरलेस चालवायला शिकवलं आणि तिबेटात सोडलं. बहुतेक परत आले नाहीत. पुढे चीनशी मैत्री करायची ठरल्यावर मदत बंद. तिथे फलक लागला २०१० मध्ये. म्हणजे लाओसवाल्यांपेक्षाही उशिरा.

पण आपलं काय? १४ नोव्हेंबर १९६२ ला चक्राताला तिबेट्यांची फौज आपण उभी केली. उबानसाहेब पहिले प्रमुख. ते आधी २२ माउंटन रेजिमेंटमध्ये होते म्हणून नाव पडलं 'एस्टॅब्लिशमेंट २२'. १९७१ मध्ये यांना चितगावच्या डोंगरांत उतरवलं. ५६ मेले, दीडशेच्या वर जखमी. जो देश त्यांचा नव्हता, ज्या युद्धाशी तिबेटचा काही संबंध नव्हता, तिथे मेले. त्यांना पदकं? ५८० जणांना रोख बक्षीस दिलं. शौर्यपदक देता येत नाही, कारण ते तिथे होतेच कुठे! उत्तरवाटांचं वाक्य इथे लावा: मेल्यावर म्हणायचं, तुम्ही आमचे नव्हताच.

कोरा_कागद:

+१. हा मुद्दा मूळ धाग्यापेक्षा महत्त्वाचा आहे. आपल्या घरातला आहे.

सुभेदार_वाई:

चिंचेचा पार, बावीसवाल्यांवर इथे बोलू नका. मी लडाखमध्ये त्यांच्या शेजारी होतो. त्यांच्या हातचा मिठाचा चहा प्यालोय. ज्या उंचीवर आमची पोरं दहा पावलं टाकून थांबायची तिथे ते गाणी म्हणत चढायचे. गुप्त ठेवणं हा त्या कामाचाच भाग आहे. पदक दिलं की नाव छापावं लागतं, नाव छापलं की तिबेटात मागे राहिलेल्या आईबापांना चिनी लोक उचलतात. हे माहीत नसताना सरकारला शिव्या घालायच्या म्हणजे काय!

चिंचेचा_पार:

सीआयए अगदी हेच सांगत होती की! गुप्त होतं, नाव घेता येत नाही, त्यांच्याच भल्यासाठी. १९७१ ला गुप्त ठेवलं, मान्य. पुढच्या पन्नास वर्षांचं काय? चितगावला मेलेल्याच्या पोराला बाप कुठे मेला हे शाळेत सांगता येऊ नये?

माझ्या लहानपणी बायलाकुप्पेच्या तिबेटी वसाहतीतून स्वेटर विकायला एक बाई दर थंडीत आमच्या गल्लीत यायच्या. आई त्यांना आत बसवून चहा द्यायची. नवरा कुठे आहे विचारलं की म्हणायच्या, 'फौज में.' कुठली फौज, याला उत्तर नसायचं. एका वर्षी विचारलं तर म्हणाल्या, 'था.' पुढे काही बोलल्या नाहीत. आईने त्या वर्षी चार स्वेटर घेतले, आम्ही दोनच भावंडं असून.

सुभेदार_वाई:

त्या बाईंचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही फौजेला दोष देताय, तो चुकीचा आहे. जवानाने जवानाला कधी कमी मानलं नाही.

चिंचेचा_पार:

मी फौजेला दोष दिलेला नाही. पुन्हा वाचा. पदकं आणि दाखले फौजी जवान देत नाही, दिल्ली देते.

कोरा_कागद:

२०२० ला चित्र बदललं, हे नोंदवायला हवं. ऑगस्टच्या शेवटी पँगाँगच्या दक्षिणेला कंपनी लीडर न्यिमा तेन्झिन सुरुंगावर पाय पडून गेले. सुरुंग १९६२ च्या युद्धातला. लेहला अंत्ययात्रा उघडपणे निघाली. पेटीवर तिरंगा होता आणि तिबेटचा झेंडाही. रस्त्याच्या दोन्ही कडेला लोक उभे होते.

चिंचेचा_पार:

हो, आणि ते तेव्हाच का झालं? कारण चीनला दाखवायचं होतं. चितगावच्या ५६ जणांच्या वेळी दाखवायचं नव्हतं. म्हणजे मेलेल्याचा मान हा जिवंतांच्या गरजेवर ठरतो.

सुभेदार_वाई:

असेल. मी त्या दिवशी टीव्हीपुढे उभा राहून सलाम केला, मला चीन आठवला नाही.

आता माझंही ऐका. माझे चुलते १९६५ ला पडले. गावच्या स्तंभावर त्यांचं नाव कोरलं ते बापाच्या नावाशिवाय आणि आडनाव चुकवून. आमच्या आडनावाचं घर गावात एकच, आणि कोरलेल्या आडनावाची घरं सात. म्हणजे ते भलत्याच घरातले झाले. एका कार्यालयात मी ११ वर्षं अर्ज दिले. दर वेळी नवा साहेब, दर वेळी 'पुरावा आणा'. पलटणीचं पत्र दिलं, युनिटच्या रेकॉर्डची नक्कल दिली. चुलती वारली तोवर दुरुस्त झालं नव्हतं. ती दर २६ जानेवारीला स्तंभाला हळद-कुंकू वाहायला जायची आणि त्या अक्षरांवर पदर धरायची, लोकांना चुकीचं दिसू नये म्हणून. अखेर मी गवंड्याला तीन हजार देऊन रात्रीतून अक्षरं बदलून घेतली. कोणी विचारलं नाही अजून.

म्हणून म्हणतो, दगड लहान गोष्ट नाही. चुकलेला दगडसुद्धा माणसाला अकरा वर्षं झोपू देत नाही.

जाईजुई:

काका, काय बोलू!

निळावंती:

सुभेदारसाहेब, तुमच्या चुलतींचं वाचलं आणि परत लिहायला आले. तुम्हाला एका अक्षराचं इतकं लागलं. मी त्याच हिशेबाने म्हणते आहे. शिळेवर जे कोरलंय ते खरं असायला हवं. तिथे एकही नाव नाही, पोरांच्या वयाचा उल्लेख नाही, बाँबचा नाही. ओबामा २०१६ ला लाओसला गेले, न फुटलेले बाँब काढायला तीन वर्षांत ९ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. मला शिळेपेक्षा तो पैसा जास्त खरा वाटतो. हात गेलेल्या पोराला त्यातून कदाचित काही मिळेल. यावर मी मागे हटणार नाही. पण 'दगड खोटा' असं मी म्हटलं नसलं तरी तसा सूर लागला असेल, तर जाईजुईंच्या आजोबांची माफी मागते. फक्त त्यांची.

उत्तरवाट:

धागा तिबेटला गेला, चालेल. तिथेही हेच आहे.

काल रात्रपाळीत जोडीदाराला हे सगळं सांगितलं. म्हणजे मराठीत भांडलो आणि इंग्रजीत सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, वडील १९९७ ला तिथे गेले होते. सेंट पॉलहून भाड्याच्या बसमधून, रात्रभर. कुठूनतरी जुना गणवेश आणला होता, बाह्या लांब होत्या, आईने आत दुमडून टाके घातले. हजारो माणसं होती. त्यांचा नंबर लागला तेव्हा त्यांनी शिळेवर तळहात ठेवला, मोजून पाच बोटं, आणि बाजूला झाले. घरी आल्यावर पोराला एवढंच सांगितलं, 'आता कागदावर आहोत.' कागद कसला, दगड होता. पण त्यांना तसंच वाटलं.

मला हे माहीत नव्हतं. सुभेदारसाहेब, तुमचं तेवढं मान्य करावं लागतंय. मनापासून नाही, पण मान्य.

एक मात्र सांगतो. २०१४ च्या अंत्यविधीला मी गेलो होतो. तीन दिवस चालतो. ढोल, बांबूच्या नळ्यांचं केंग वाद्य, आणि एक जाणता माणूस मृताच्या आत्म्याला वाट सांगतो. जिथे जिथे राहिला ती प्रत्येक जागा उलट क्रमाने ओलांडत, प्रत्येक जागेच्या पाण्या-लाकडाचे आभार मानत, शेवटी जन्मगावी, जिथे नाळ-वार पुरली तिथे. मुलाची वार घराच्या मधल्या खांबाशी पुरतात. जोडीदार कानात भाषांतर करत होता. सेंट पॉल, मग आधीचं भाड्याचं घर, मग थायलंडातली बान विनाईची छावणी, मग मेकाँग, मग लाँग चेंग, मग डोंगरातलं गाव. नदीपाशी तो माणूस बराच वेळ थांबला. आर्लिंग्टनचं नाव त्या वाटेवर आलं नाही.

म्हणून त्या सहलीच्या वर्णनातलं शेवटचं वाक्य मला अजूनही चालणार नाही.

कोरा_कागद:

ते वाक्य मलाही चाललं नव्हतं. मी फक्त आर्लिंग्टनच्या नियमाचं बोललो होतो. त्यावर ठाम आहे.

चिंचेचा_पार:

एस्टॅब्लिशमेंट २२ साठी वेगळा धागा काढतो. सुभेदारसाहेब, तुम्ही तिथे लिहा. भांडायला नाही, लडाखबद्दल लिहा.

सुभेदार_वाई:

लिहीन. जेवढं लिहिता येतं तेवढंच.

उत्तरवाट, तुमच्या जोडीदाराच्या वडिलांचं नाव काय होतं? इथे नको, निरोपात कळवा. उच्चार मराठीत नीट लिहून द्या, बापाच्या नावासकट. आमच्या गावच्या स्तंभाशी २६ जानेवारीला आम्ही नावं वाचतो. मी वाचतो.